सॅन दिएगो कॉमिक-कॉनला बऱ्याच वर्षांनी परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरात दर जुलैमध्ये भरणाऱ्या कॉमिक-कॉन या चित्रकथा आणि चित्रपटांच्या मेळाव्याला जे एकेकाळी नेमाने जात असत, आणि नोकरी, मुलांचे संगोपन, भारतात परतणे किंवा महासाथ अशा कोणत्याही कारणाने ज्यांचे जाणे दहा-पंधरा वर्षे खुंटले, अशा मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन पुष्कळ उपलब्ध आहे. परतणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला बरेच काही माहीत असते, पण त्यातले नेमके काय कालबाह्य झाले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

पूर्वी आम्ही आयत्या वेळी जाऊन दारावर प्रवेशपत्र घेत असू. आता तसे जमेल का?

नाही. २००८ साली सर्व दिवसांचे प्रवेश मेळावा सुरू होण्याआधीच संपले आणि तेव्हापासून दारावरच्या विक्रीचा विषयच उरला नाही. आता प्रवेशाचा बॅज घेण्यासाठी आधी आयोजकांच्या संकेतस्थळावर ‘मेंबर आयडी’ नावाचे विनामूल्य खाते असावे लागते आणि ते विक्रीच्या बऱ्याच आधी पडताळून घ्यावे लागते. विक्रीची तारीख जवळ आली की नवी खाती उघडणे बंद केले जाते. त्यामुळे विक्री जाहीर झाल्यावर खाते उघडू, असे म्हणणाऱ्याचे ते वर्ष वाया जाते. जुने खाते असेल तर ते ज्या ईमेल पत्त्यावर उघडले होते तो पत्ता अजून आपल्या हातात आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. विद्यापीठाचा किंवा सोडलेल्या कंपनीचा पत्ता देऊन ठेवलेले अनेक जण नेमके येथेच अडकतात, कारण विक्रीविषयीच्या सर्व सूचना त्याच पत्त्यावर जात असतात.

मी पूर्वी अनेक वर्षे आलो आहे. जुन्या उपस्थितांसाठीच्या नोंदणीचा लाभ मला मिळेल का?

मिळणार नाही. ती आगाऊ नोंदणी लगतच्या आधीच्या मेळाव्याचा सशुल्क बॅज असलेल्यांसाठीच असते; त्याआधीची हजेरी, ती कितीही वर्षांची असली तरी, मोजली जात नाही. दीर्घ खंडानंतर येणाऱ्याला नवख्या माणसाबरोबर खुल्या नोंदणीतच उभे राहावे लागते. याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्यातून एक व्यवहार्य मार्ग निघतो. पहिल्या वर्षी चारही दिवसांचा हट्ट न धरता मिळेल तो एक दिवस घ्यावा, अगदी रविवार मिळाला तरी घ्यावा. त्या एका दिवसामुळे पुढच्या वर्षी आगाऊ नोंदणीचे दार उघडते आणि यशाची शक्यता बरीच वाढते. पूर्वीसारखा चार दिवसांचा एकत्रित बॅज २०१४ पासून विकला जात नाही. प्रत्येक दिवस स्वतंत्रपणे निवडायचा असतो, आणि मेळाव्याच्या पूर्वसंध्येचा, म्हणजे बुधवारचा, प्रवेश चारही दिवस मिळालेल्यांनाच घेता येतो.

नोंदणीच्या दिवशी नेमके काय होते? भारतातून ती करता येते का?

करता येते. विक्री सहसा आदल्या वर्षाच्या शरद ऋतूत, शनिवारी सकाळी पॅसिफिक वेळेनुसार ठेवली जाते. ठरलेल्या वेळेच्या आत आभासी प्रतीक्षागृहात दाखल व्हायचे असते. वेळ होताच तेथे असलेल्या सर्वांना यादृच्छिक क्रमाने आत घेतले जाते. त्यामुळे दोन तास आधी बसलेल्याला पाच मिनिटे आधी आलेल्यापेक्षा काहीही अधिक मिळत नाही. तीन जणांपर्यंतचे बॅज एका व्यवहारात घेता येतात. म्हणून दोघा-तिघा मित्रांनी एकमेकांचे मेंबर आयडी जवळ ठेवून स्वतंत्रपणे बसावे, म्हणजे ज्याचा क्रम आधी लागेल तो सर्वांसाठी खरेदी करू शकतो.

भारतातील वाचकांनी घड्याळाकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे मागे घेतली की तेच नऊ आपल्याकडे साडेदहा होतात. परदेशी व्यवहारांसाठी कार्ड चालू आहे की नाही, हे आदल्या आठवड्यातच तपासलेले बरे.

बॅज मिळाला नाही तर कोणाकडून विकत घेता येईल का?

घेऊ नये. बॅज नावावर असतो आणि तो हस्तांतरित करता येत नाही. २०१६ पासून त्यात चिप बसवलेली असते. दारातील यंत्राला तो आत जाताना टेकवावा लागतो आणि बाहेर पडतानाही. दुसऱ्याच्या नावाचा बॅज घालून आत शिरण्याचे दिवस संपले आहेत, आणि ते संपले हे योग्यच झाले, कारण त्या काळ्या बाजारामुळे खऱ्या वाचकांची जागा जात असे.

प्रामाणिक पर्याय मात्र आहेत. स्वयंसेवक म्हणून काही तास काम करणाऱ्यांना प्रवेश दिला जातो, परंतु त्यांची संख्या मर्यादित असते. चित्रकथा, ॲनिमेशन, प्रकाशन अशा क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी व्यावसायिकांची वेगळी नोंदणी असते आणि तिच्यासाठी कामाचे पुरावे द्यावे लागतात. मधल्या वर्षांत आपण या क्षेत्रात शिरला असाल तर तो अर्ज जरूर करावा. याच संस्थेचा वसंत ऋतूत ॲनाहाइम येथे भरणारा ‘वंडरकॉन’ हा लहान मेळावा दीर्घ खंडानंतरच्या पहिल्या भेटीसाठी मला फार योग्य वाटतो. तेथील प्रवेश तुलनेने सहज मिळतो आणि चित्रकथाकारांशी निवांत बोलता येते.

माझ्या आठवणीतला मेळावा आणि आजचा मेळावा यांत सर्वांत मोठा फरक कोणता?

आपण नेमके कधी जात होता, यावर हे उत्तर अवलंबून आहे, म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

२१ मार्च १९७० रोजी सॅन दिएगोतील यू. एस. ग्रँट हॉटेलात निधी उभारण्यासाठी एक दिवसाचे छोटे संमेलन भरले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथेच तीन दिवसांचा पहिला पूर्ण मेळावा झाला. शेल डॉर्फ हे त्यामागचे अनुभवी संघटक होते, परंतु त्यांच्याभोवतीची बरीचशी मंडळी शाळकरी आणि महाविद्यालयीन मुले होती. ऑगस्टच्या त्या मेळाव्याला चित्रकथाकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी पाहुणे म्हणून आले होते आणि उपस्थिती काही शेकड्यांत होती. सत्तरच्या दशकात एल कॉर्टेझ हॉटेल हे मेळाव्याचे घर बनले. १९९१ मध्ये तो बंदराकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आला आणि तेव्हापासून तेथेच आहे. २००१ मध्ये त्या इमारतीचा विस्तार झाला, आणि त्या विस्तारातूनच पुढे चित्रपटांच्या घोषणांसाठी जगभर प्रसिद्ध झालेले ‘हॉल एच’ हे सभागृह उपलब्ध झाले.

आकडे पाहिले तर बदलाचा वेग समजतो. २००० साली उपस्थिती पन्नास हजारांच्या आत होती. २००५ मध्ये ती लाखाच्या पुढे गेली. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ती एक लाख तीस हजारांच्या आसपास येऊन थांबली. ती थांबली याचे कारण उत्साह ओसरला हे नसून इमारतीची क्षमता संपली हे आहे. जागा तेवढीच आणि इच्छुक कितीतरी अधिक, या एकाच कारणातून आजचे जवळजवळ सर्व नियम जन्मले आहेत. बॅजसाठी सोडत, हॉटेलसाठी सोडत, स्वाक्षरीसाठी सोडत, मोठ्या सभागृहासाठी मनगटी पट्ट्या. पूर्वी दिवसाचा आराखडा सकाळी उठल्यावर ठरवता येत असे. आता त्याचा मोठा भाग काही महिने आधीच ठरलेला असतो, आणि परतणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच परत जाणे सार्थ ठरते. ज्या गोष्टींसाठी १९७० मध्ये ती मुले एकत्र आली होती, म्हणजे चित्रकथा काढणारे, लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे यांची समोरासमोर भेट, त्या गोष्टींना आजही सोडत लागत नाही. गर्दी वाढली ती मुख्यतः चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या दालनांभोवती. आपली आवड चित्रकथांची असेल तर आपला मेळावा बराचसा शाबूत आहे. फक्त तो इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर शोधावा लागतो.

महासाथीच्या काळात काय झाले? त्यानंतर मेळावा पूर्ववत झाला का?

एप्रिल २०२० मध्ये त्या वर्षीचा मेळावा रद्द झाल्याचे जाहीर झाले. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत असे प्रथमच घडले. २०२० आणि २०२१ च्या जुलैमध्ये ऑनलाइन कार्यक्रम झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन दिवसांची छोटी विशेष आवृत्ती भरली आणि जुलै २०२२ मध्ये पूर्ण मेळावा परतला. तेव्हा लसीकरणाचा किंवा चाचणीचा पुरावा आणि मास्क सक्तीचे होते. पुढे ती सक्ती उठली.

२०२३ च्या मेळाव्याचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. त्या वर्षी हॉलिवूडचे लेखक मे महिन्यापासून आणि अभिनेते मेळाव्याच्या आदल्याच आठवड्यापासून संपावर होते. अनेक मोठ्या चित्रसंस्थांनी आपले कार्यक्रम मागे घेतले आणि आता मेळाव्यात उरणार काय, असा प्रश्न वृत्तपत्रांनी विचारला. प्रत्यक्षात लोक आले, दालने भरली आणि चित्रकथाकारांच्या टेबलांपुढे व छोट्या खोल्यांत ज्यांना एरवी कोणी विचारत नसे त्यांना श्रोते मिळाले. त्याच वर्षी ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटाचे शीर्षक या मेळाव्यात जाहीर झाले आणि भारतीय माध्यमांत कॉमिक-कॉनचे नाव पूर्वी कधी नव्हते इतके ऐकू आले. पुढच्या वर्षी मोठे स्टुडिओ परतले, रांगाही परतल्या. परंतु ताऱ्यांवाचून हा मेळावा उभा राहू शकतो, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले, आणि खाली जे सल्ले दिले आहेत त्यांना त्याचा आधार आहे.

हॉल एचमध्ये जायचेच आहे. काय करावे?

त्या सभागृहात सुमारे साडेसहा हजार लोक बसतात. हा आकडा मोठा वाटतो, पण उपस्थितांच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढा तो भरतो. गाजणाऱ्या दिवसांसाठी आदल्या संध्याकाळी मनगटी पट्ट्या वाटल्या जातात. पट्टी मिळाल्यावर गटातील काहींना विश्रांतीसाठी जाता येते, परंतु सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत सर्वांना रांगेत परतावे लागते. पट्टी बंधनकारक होण्याआधीच्या काळात आलेल्यांना ही पद्धत अधिक न्याय्य वाटेल, कारण पहाटे आयत्या वेळी रांगेत घुसणाऱ्या टोळ्यांना तिने आळा घातला आहे.

एक जुनी गोष्ट मात्र बदललेली नाही: एक कार्यक्रम संपल्यावर सभागृह रिकामे केले जात नाही. दुपारचा एखादा कार्यक्रम पाहण्यासाठी सकाळचे तीन कार्यक्रम बसून काढणारे पुष्कळ असतात, आणि त्या तिन्ही कार्यक्रमांचे खरे चाहते बाहेर उभे राहतात. सगळा हिशेब मांडला तर हॉल एचमधल्या एका तासासाठी आदली संध्याकाळ, झोप आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग खर्च होतो. बऱ्याच वर्षांनी, बहुधा एक-दोन दिवसांच्याच बॅजवर आलेल्या माणसाने हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे दाखवल्या जाणाऱ्या झलकींपैकी बऱ्याच काही तासांतच सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एखादा वृद्ध चित्रकार जे सांगून जातो, ते बहुतेक वेळा कोठेच प्रसिद्ध होत नाही.

मग दिवस कोठे घालवावा?

सुरुवात आर्टिस्ट्स अ‍ॅलीपासून करावी. प्रदर्शन दालनाच्या हॉल जीकडच्या टोकाला चित्रकार आपापली टेबले मांडून बसलेले असतात आणि तेथे मूळ पाने, रेखाटने, स्वतः छापलेली पुस्तके विकत मिळतात. सकाळी दालन उघडताच बहुतेक लोक खेळण्यांच्या आणि चित्रपटांच्या मोठ्या दालनांकडे धावतात. त्या पहिल्या तासात आर्टिस्ट्स अ‍ॅलीत इतकी शांतता असते की ज्याचे काम आपण शाळेत असल्यापासून पाहत आलो त्या चित्रकाराशी पंधरा-वीस मिनिटे सहज बोलता येते. त्यानंतर छोट्या प्रकाशकांच्या विभागात जावे. आपल्या गैरहजेरीत अमेरिकी चित्रकथेचे जग पुष्कळ बदलले आहे. मुलांसाठीच्या ग्राफिक कादंबऱ्यांना ग्रंथालयांत आणि शाळांत मोठा वाचक मिळाला आहे, आणि तो बदल पुस्तकांच्या दुकानापेक्षा या टेबलांवर लवकर कळतो.

दुपार वरच्या मजल्यावरच्या खोल्यांसाठी राखून ठेवावी. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात मुख्य मंडपातील भाषणांपेक्षा बाजूच्या छोट्या सभागृहातील परिसंवाद कित्येकदा अधिक रंगतो. तसाच अनुभव येथे येतो. १९९२ पासून चालू असलेली कॉमिक्स आर्ट्स कॉन्फरन्स ही अभ्यासकांची परिषद मेळाव्याच्या आतच भरते आणि कोणताही बॅजधारक तिला बसू शकतो. मार्क एव्हनियर हे लेखक १९७० पासून प्रत्येक मेळाव्याला उपस्थित राहिलेल्या मोजक्या व्यक्तींपैकी आहेत. रविवारी जॅक कर्बी यांच्या स्मरणार्थ होणारी चर्चा आणि व्यंगचित्रकारांना मंचावर आयत्या वेळी विषय देऊन चित्रे काढायला लावणारा ‘क्विक ड्रॉ’ हा शनिवारचा कार्यक्रम ते वर्षानुवर्षे चालवत आले आहेत. ज्यांना आपण पूर्वी श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत पाहत होतो अशी कितीतरी मंडळी आता या मंचांवर बसलेली दिसतात, आणि मंचावरची काही कायमची गेली आहेत. ज्येष्ठ चित्रकथाकाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसले तर तो कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

शुक्रवारी संध्याकाळी चित्रकथाकार विल आयस्नर यांच्या नावाचे पुरस्कार दिले जातात. १९८८ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारांना चित्रकथेच्या क्षेत्रात सर्वोच्च मान आहे. २००५ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत आयस्नर स्वतः मंचावर उभे राहून विजेत्यांचे अभिनंदन करीत असत; तो काळ पाहिलेल्यांनी आजचा सोहळाही आवर्जून पाहावा. बॅजधारकांना तेथे बसता येते आणि हे अनेकांना माहीतच नसते. शनिवारी रात्रीची मास्करेड ही वेशभूषा स्पर्धा १९७४ पासून चालू आहे आणि अजूनही हौशी मंडळींचीच आहे.

आणखी एका परंपरेचा उल्लेख करतो. १९७७ पासून, विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांच्या पुढाकाराने सुरू झालेले रक्तदान शिबिर मेळाव्याबरोबर दरवर्षी भरते. गणेशोत्सवातील रक्तदानाची सवय असलेल्या आपल्या लोकांनी तेथे जावे, असे मला मनापासून वाटते. अलीकडे केलेल्या परदेश प्रवासामुळे रक्तदान करता येते की नाही, हे मात्र तेथे आधी विचारावे.

जुने अंक विकणारे व्यापारी कोठे गेले?

संख्येने कमी झाले आहेत. डेन्व्हरच्या माइल हाय कॉमिक्सने चव्वेचाळीस वर्षांनंतर २०१७ मध्ये या मेळाव्यात दुकान मांडणे थांबवले, आणि अशा प्रकारे माघार घेणारे ते एकटेच नव्हते. जागेचे भाडे, मालाची ने-आण आणि शहरातील मुक्कामाचा खर्च जुन्या अंकांच्या विक्रीतून भरून निघणे कठीण झाले आहे. चित्रकथांचे ‘सुवर्णयुग’ आणि ‘रौप्ययुग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या काळातील अंक विकणारी दालने अजून आहेत, परंतु खोक्यांतून चाळत बसण्याचा तो दीर्घ आनंद आता पूर्वीइतका मिळणार नाही. केवळ त्यासाठी येणार असाल तर लहान शहरांतले मेळावे अधिक लाभदायक ठरतील.

मर्यादित आवृत्तीतील वस्तू आणि स्वाक्षऱ्या कशा मिळवाव्यात?

बऱ्याच मोठ्या दालनांसाठी आणि स्वाक्षरी सत्रांसाठी आता मेळाव्यापूर्वी ऑनलाइन सोडत असते. बॅज मिळाल्यावर आपल्या मेंबर आयडीच्या खात्यातूनच तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि मुदत चुकली की प्रत्यक्ष तेथे जाऊन काही करता येत नाही. आर्टिस्ट्स अ‍ॅलीतील स्वाक्षरीसाठी यातले काहीच लागत नाही.

राहण्याची सोय केव्हा करावी?

बॅज मिळाला की लगेच विचार सुरू करावा. आयोजकांच्या सवलतीच्या दरातील खोल्यांसाठीही अर्ज घेऊन यादृच्छिक क्रमाने वाटप होते. कन्व्हेन्शन सेंटरलगतची हॉटेले पहिल्या पसंतीत सर्वच जण लिहितात. म्हणून थोडी दूरची, परंतु मोफत शटल बसच्या मार्गावरची किंवा ट्रॉली या शहरी रेल्वेच्या थांब्याजवळची हॉटेले यादीत अवश्य लिहावीत. शटल बसची सेवा रात्री उशिरापर्यंत असते, त्यामुळे अंतराचा त्रास वाटतो तितका होत नाही.

शहरात फिरण्याच्या बाबतीत काय बदलले आहे?

आपल्या दृष्टीने सर्वांत सुखद बदल म्हणजे ट्रॉलीची निळी मार्गिका. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्तरेकडे वाढवण्यात आली आणि आता युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सॅन दिएगो येथील विद्यापीठ आणि त्यापुढचा यूटीसी परिसर थेट शहराच्या मध्यभागाशी जोडला गेला आहे. त्या भागात आपले अनेक विद्यार्थी आणि अभियंते राहतात. त्यांच्याकडे उतरलेल्या पाहुण्याला आता मोटारीची आणि पार्किंगची चिंता उरत नाही. कन्व्हेन्शन सेंटरच्या दाराशी हिरवी मार्गिका थांबते. प्रवासभाड्याचे जुने कंपास कार्ड जपून ठेवले असेल तर ते चालणार नाही. २०२१ पासून त्याची जागा प्रोंटो कार्डाने घेतली आहे.

रेल्वे रुळांवरून बंदराकडे जाणारा पादचारी पूल २०११ मध्ये झाला. त्याआधी येऊन गेलेल्यांना फाटकापाशी तिष्ठत उभे राहणे आठवत असेल. आता पुलाचा पर्याय उपलब्ध आहे. लॉस एंजेलिसहून येणारी किनाऱ्यालगतची पॅसिफिक सर्फलायनर रेल्वे अतिशय देखणी आहे, परंतु सॅन क्लेमेंटेजवळ दरडी कोसळल्याने अलीकडच्या वर्षांत तो मार्ग अनेकदा बंद राहिला आहे. निघण्यापूर्वी तिची स्थिती पाहावी.

भारतातून येण्यासाठी कॉमिक-कॉनचा बॅज दाखवून व्हिसा मिळतो का?

बॅजमुळे व्हिसाचा कोणताही हक्क मिळत नाही. पर्यटक व्हिसाच लागतो, आणि पूर्वीचा दहा वर्षांचा व्हिसा मधल्या काळात संपला असण्याची शक्यता मोठी असते. मुंबईतील मुलाखतीच्या तारखांसाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागू शकते. म्हणून पारपत्रावरील तारीख आजच पाहावी आणि बॅजच्या विक्रीची वाट न पाहता अर्ज करावा.

आता सोबत मुले आणि आईवडील असतील. त्यांना जमेल का?

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सशुल्क बॅज असलेल्या प्रौढाबरोबर विनामूल्य प्रवेश असतो. तेरा ते सतरा वयोगटासाठी आणि साठ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी शुल्कात सवलत आहे. फार वेळ उभे राहू न शकणाऱ्यांसाठी, तसेच कर्णबधिर आणि अपंग उपस्थितांसाठी आयोजकांचा स्वतंत्र मदत कक्ष आहे आणि त्याचे काम चांगले आहे; संकोच न करता पहिल्या दिवशी प्रथम तेथेच जावे.

लहान मुलांना शनिवारी आणू नये. गर्दी एवढी असते की चार फूट उंचीच्या मुलाला माणसांच्या पाठींखेरीज काहीही दिसत नाही. रविवार हा पूर्वापार कुटुंबांचा दिवस आहे आणि त्या दिवशीचे कार्यक्रमही तसे आखलेले असतात. आईवडिलांना दिवसभर आत बसवण्यापेक्षा बॅल्बोआ पार्कमधील कॉमिक-कॉन संग्रहालय दाखवावे. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, त्याला मेळाव्याचा बॅज लागत नाही, आणि आपण तरुणपणी कशासाठी एवढे धडपडत होतो, हे त्यांना तेथे शांतपणे समजू शकते.

शाकाहारी जेवणाचे काय?

इमारतीतील पदार्थ महाग आणि मोजके आहेत. समोरच्या गॅसलॅम्प भागात शाकाहारी जेवण मिळते, पण रांगा असतात. पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवणे हा आजही सर्वोत्तम उपाय आहे. भारतीय किराणा आणि उपाहारगृहे शहराच्या उत्तरेस मिरामारजवळ ब्लॅक माउंटन रोडवर एकवटली आहेत. मोटार असेल तर बुधवारीच तेथे एक फेरी करावी.

कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्रांची वेशभूषा करण्याचे, नियम कडक झाले आहेत का?

होय. शस्त्राची प्रतिकृती तपासून घ्यावी लागते आणि तिच्यावर खूण लावली जाते. खरे किंवा चालू शकणारे शस्त्र चालत नाही. छायाचित्र काढण्याआधी परवानगी विचारलीच पाहिजे.

मुंबई-दिल्लीत भरणारे कॉमिक कॉन हे याच संस्थेचे आहे का?

नाही. भारतातील उपक्रम २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि तो स्वतंत्र आहे. सॅन दिएगोचा मेळावा ना-नफा संस्थेतर्फे चालतो. मुंबईचा अनुभव गर्दीच्या सरावासाठी उपयोगी पडेल. तेथील खाते किंवा तिकीट सॅन दिएगोत उपयोगाचे नाही.

ज्यांच्याबरोबर जात होतो ते मित्र आता येत नाहीत. एकट्याने जावे का?

जावे. बॅज एकट्याला मिळणे गटापेक्षा सोपे असते, लहान खोल्यांत एक रिकामी खुर्ची बहुतेक वेळा सापडते, आणि रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी ओळखीची गरज या मेळाव्यात कधीच लागलेली नाही. कार्यक्रमपत्रिका साधारण दोन आठवडे आधी दिवसागणिक प्रसिद्ध होते. ती आली की पूर्वीच्या मित्रांना पाठवावी, कारण आपण जात आहोत हे कळल्यावर एखाद्याचे मन पुढच्या वर्षासाठी तयार होते आणि त्यालाही मेंबर आयडी वेळेत उघडता येतो. संध्याकाळी सातनंतर प्रदर्शन दालन बंद होते आणि एकट्या माणसाला मोकळेपणा जाणवू लागतो. त्या वेळेसाठी चित्रपट महोत्सवाच्या आणि ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांच्या, खोल्यांची माहिती आधीच काढून ठेवावी. तेथे रांगा क्वचित असतात, मध्येच आत-बाहेर करता येते, आणि दिवसभर चाललेल्या पायांना बसायला मिळते.